हापूसच्या कलमांना कल्टार घालताना: आधी टेप, मग पहार

दर नोव्हेंबरात दोन तऱ्हेच्या बागायतदारांची गाठ पडते. एक म्हणतात, "कल्टार घातलं, तरी कलमं पालवलीच. मोहोर नाही." दुसरे म्हणतात, "पहिली दोन वर्षं मोहोर लगडला, आता फांद्या वाळतायत." दोघांचेही औषध सहसा खरे असते, वेळही बहुतेक बरोबर असते. चुकलेले असते ते आधीचे काम. ज्या झाडाला घालायला नको होते त्याला घातलेले असते, मोजमाप अंदाजाने केलेले असते, खत दिलेलेच नसते. म्हणून जूनपासून फळे काढून होईपर्यंतचा पूर्ण क्रम इथे देतो आहे. हा क्रम कोकणातल्या कातळावरच्या आणि जांभ्या मातीतल्या हापूससाठी आहे.

कल्टार हे एका उत्पादनाचे नाव, पण कोकणात ते मोहोरासाठी जमिनीत घालायच्या औषधाचेच नाव होऊन बसले आहे. मूळ घटक पॅक्लोब्युट्राझॉल. वेगवेगळ्या नावांनी तो मिळतो, त्यामुळे दुकानात नाव बघू नका, घटक बघा.

झाडाच्या आत काय होते, तेवढे आधी

एवढे समजले की पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

आंब्याच्या काडीच्या टोकाला एक डोळा असतो. तो फुटला तर त्यातून पालवी निघते, नाहीतर मोहोर. काय निघणार हे बऱ्याच अंशी झाडातल्या संप्रेरकांवर ठरते. त्यातले जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक. कोवळी पाने, वाढती टोके आणि फळातल्या कोवळ्या बिया ते तयार करतात. जिबरेलिन भरपूर असले की पेशी लांबतात, काडी सरसर वाढते आणि डोळा पालवीकडे झुकतो. ते कमी झाले, काडी जून झालेली असली, काडीत पिठूळ साठा, म्हणजे साठवलेले अन्न, असला आणि रात्री गार झाल्या, तर डोळा मोहोराकडे झुकतो.

हापूस एक वर्ष भरून येतो आणि पुढच्या वर्षी रिकामा राहतो, त्यामागेही हेच आहे. फळांनी झाडाचा साठा ओढून नेलेला असतो आणि बियांमधल्या जिबरेलिनने पुढचे डोळे मोहोरापासून दूर ठेवलेले असतात. अशा झाडाला पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात पालवी फुटते. ती काडी थंडी येईपर्यंत जून होत नाही आणि तो हंगाम जातो.

पॅक्लोब्युट्राझॉल इथे हात घालते. झाडात जिबरेलिन बनण्याची जी साखळी आहे, तिच्या सुरुवातीकडचा एक दुवा ते अडवते. पेशी तयार होत राहतात, पण लांबत नाहीत. पालवी थांबते किंवा अगदी आखूड येते आणि पानांनी केलेले अन्न काडीतच राहते.

म्हणजे कल्टार झाडाला "मोहोर दे" असे सांगत नाही. ते फक्त "वाढू नको" असे सांगते. मोहोर झाड देते, तेही स्वतःच्या साठ्यातून. साठाच नसेल तर वाढ थांबलेले, उपाशी झाड उरते. हे वाक्य लक्षात ठेवून पुढचे टप्पे वाचा.

आणखी एक गोष्ट: हे औषध मुळांतून घेतले जाते आणि पाण्याबरोबर खालून वर चढते. पानांवर पडलेले औषध तिथून खाली किंवा दुसऱ्या फांदीत उतरत नाही. म्हणूनच ते जमिनीत, तेही तंतुमुळांजवळ द्यायचे असते. मोठ्या कलमावर फवारून काही साधत नाही.

टप्पा १: कलमे निवडा (जूनचा पहिला पंधरवडा)

बागेत रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन जा. प्रत्येक कलमाखाली उभे राहून वर बघा आणि निर्णय तिथल्या तिथे बुंध्यावर खुणेने लिहा. घरी बसून "सगळ्या ऐंशी कलमांना घालू" असे ठरवणे ही पहिली चूक, आणि सगळ्यात महागातली.

घालण्याजोगे कलम कसे ओळखायचे? वय दहा वर्षांच्या पुढे. पाने गर्द हिरवी आणि भरगच्च. फेब्रुवारी ते मे या काळात आलेल्या काड्या दिसायला हव्यात, कारण येणारा मोहोर मुख्यतः त्यांच्यावरच येणार आहे. काडीच्या टोकाजवळचे पान दुमडून पाहा. ते कटकन मोडले तर काडी जून होत आली आहे. रबरासारखे वाकले तर अजून वेळ आहे.

या कलमांना घालू नका:

- ज्यांच्या शेंड्याकडच्या फांद्या वाळत आहेत
- ज्यांच्या खोडातून भुसा पडतो आहे, म्हणजे आत भिरूड (खोड पोखरणारी अळी) आहे
- ज्यांच्यावर बांडगुळे माजली आहेत (आधी ती फांदीसकट छाटा, एक वर्ष जाऊ द्या)
- ज्यांना गेली दोन-तीन वर्षे खतच मिळालेले नाही
- ज्यांची मोठी छाटणी याच वर्षी केली आहे

गेल्या मोसमात जे कलम फांद्या वाकेपर्यंत लागले होते, त्याचा विचार वेगळा करावा लागतो. ते रिकामे जाणार हे दिसते, म्हणून हात आधी त्याच्याकडेच जातो. पण मेअखेरपर्यंत त्याला नवी पालवी आलीच नसेल तर मोहोर येणार कशावर? अशा कलमाला मी त्या वर्षी खत आणि विश्रांती देतो. पालवी येऊन ती जून झाली असेल तरच घालतो.

तपासा: खुणा करून झाल्यावर मोजा. नियमित खत मिळणाऱ्या बागेतही सगळी कलमे पात्र ठरत नाहीत. सगळ्यांवर खूण झाली असेल तर निवड घाईत झाली आहे, पुन्हा एक फेरी मारा.

टप्पा २: आधी खत (पावसाच्या सुरुवातीला)

कल्टार आणि खत यांची सांगड तोडली की बाग तीन-चार वर्षांत बसते. झाडाकडून आपण जास्त मोहोर आणि जास्त फळ मागतो आहोत, तर ताटही तेवढे वाढायला हवे.

दहा वर्षांवरील कलमाला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस अशी आहे: ५० किलो शेणखत, १.५ किलो नत्र, ०.५ किलो स्फुरद आणि १ किलो पालाश. खताच्या भाषेत हे साधारण सव्वातीन किलो युरिया, तीन किलोंच्या वर सिंगल सुपर फॉस्फेट आणि दोन किलो सल्फेट ऑफ पोटॅश होते. माती परीक्षण केले असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करा.

खत बुंध्याशी टाकू नका. घेराच्या कडेखाली, म्हणजे फांद्यांची टोके जिथे संपतात त्याच्या थोडे आत, गोल चर काढून त्यात द्या आणि मातीने झाका. उतारावरच्या कलमांना वरच्या बाजूने अर्धगोल चर काढला तरी चालतो, खाली वाहून जात नाही.

खताची जागा आणि कल्टारची जागा वेगवेगळी आहे, हे गड्यांना आधीच दाखवून ठेवा. खत घेराच्या कडेला, कल्टार आत. दोन्ही एकाच चरात ओतलेले मी पाहिले आहे.

टप्पा ३: घेर मोजा (जुलैचा पहिला आठवडा)

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडा थांबतो.

मात्रा झाडाच्या वयावर ठरत नाही, उंचीवर ठरत नाही, खोडाच्या जाडीवरही नाही. ती ठरते फांद्यांच्या विस्ताराच्या व्यासावर. आणि तो व्यास मीटरमध्ये मोजायचा असतो.

लागणारे साहित्य: मीटरच्या खुणा असलेली ३० मीटरची टेप, दोन काठ्या, वही, पेन्सिल. पावसाळ्यात बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही.

१. पूर्वेकडे सर्वांत लांब गेलेल्या फांदीच्या टोकाखाली उभे राहा. वर बघत टोकाच्या बरोबर खाली एक काठी रोवा. एखादीच फांदी भलतीच लांब गेली असेल तर ती सोडा, बाकी घेराची कड धरा.

२. पश्चिमेकडे तसेच करा. दोन काठ्यांमधले अंतर बुंध्याला वळसा न घालता, बाजूने सरळ मोजा.

३. दक्षिण-उत्तर असेच मोजा.

४. दोन्ही अंतरांची बेरीज करून दोनाने भागा. हा सरासरी व्यास.

उदाहरण घेऊ. पूर्व-पश्चिम ८.४ मीटर, दक्षिण-उत्तर ७.६ मीटर. बेरीज १६, सरासरी ८ मीटर. वहीत कलमाचा क्रमांक आणि समोर ८.० असे लिहा.

आता चूक कुठे होते ते बघा. घरातली टेप फुटांची असते. हेच कलम फुटात मोजले की २६ येते आणि मग कोणीतरी "मीटरला तीन मिली" या (टप्पा ४ मधल्या) हिशेबातला तीन तसाच २६ ला लावतो. २४ मिलीच्या जागी ७८ मिली जाते, म्हणजे तिपटीहून जास्त. पहिल्या वर्षी मोहोर असा येतो की शेजारी बघायला येतात. मग पालवी इंचभर निघते, पानांचे गुच्छ होतात आणि पुढची तीन-चार वर्षे ते कलम कशालाच दाद देत नाही.

आमच्या आजोबांच्या हातच्या एका कलमाचे असे झाले. बाग त्या वर्षी कराराने दिलेली होती. घेणाऱ्याने टेप लावलीच नव्हती, बाटलीच्या झाकणाने मोजले होते. त्या कलमाच्या फांद्यांची टोके अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत: बोटभर लांबीत दहा-बारा पाने, एकमेकांना चिकटून, जणू कोणी मुठीत धरून दाबली आहेत.

सावधान: काही जण बुंध्यापासून कडेपर्यंतचे अंतर मोजतात आणि त्यालाच तीनने गुणतात. ती त्रिज्या झाली, मात्रा निम्मी बसते. मग "औषध बोगस होते" म्हणून पुढच्या वर्षी दुप्पट घातले जाते.

टप्पा ४: मात्रा काढा

शिफारस अशी: विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक.

बाजारात सर्रास मिळणाऱ्या औषधाच्या लेबलावर २३ टक्के असे असते. ते वजनात वजन आहे. द्रावण पाण्यापेक्षा थोडे जड असल्याने एका मिलिलिटरमध्ये साधारण पाव ग्रॅम घटक येतो. म्हणून ०.७५ ग्रॅमसाठी ३ मिली. हा "तीन मिली" इथून आला आहे, तो आकाशातून पडलेला नाही. बाटलीवर वेगळी टक्केवारी असेल तर तीनचा आकडा लागू होत नाही. त्या वेळी लेबल घेऊन कृषी खात्यात किंवा विद्यापीठाच्या केंद्रात विचारा.

२३ टक्क्यांच्या औषधासाठी:

- ५ मीटर व्यास: १५ मिली
- ८ मीटर व्यास: २४ मिली
- १० मीटर व्यास: ३० मिली

मोजायला औषधाच्या दुकानातली सुई नसलेली सिरिंज घ्या किंवा खुणांचे मोजपात्र. झाकण, चमचा, चहाचा कप नको.

पाणी घेराप्रमाणे ३ ते ६ लिटर. पाणी कमी-जास्त झाले तर मोठे नुकसान नाही. औषध कमी-जास्त झाले तर आहे.

तपासा: वहीतल्या सगळ्या मात्रांची बेरीज करा. चाळीस कलमांना सरासरी २४ मिली म्हणजे ९६० मिली, लिटरची एक बाटली पुरते. तुमच्या हिशेबात तीन बाटल्या लागत असतील तर औषध आणायच्या आधी टप्पा ३ पुन्हा बघा, टेप फुटांची निघेल.

टप्पा ५: दिवस निवडा (१५ जुलै ते १५ ऑगस्ट)

या महिन्याभरात पावसाची उघडीप मिळते तो दिवस आपला. जमीन ओली हवी, पण मुठीत दाबलेल्या मातीतून पाणी गळायला नको. धो-धो पावसात घातले तर औषध मुळांखाली किंवा बांधाबाहेर जाते. कोरड्या जमिनीत घातले तर मुळे ते उचलत नाहीत, कातळावरच्या उथळ मातीत तर नाहीच.

आदल्या दिवशी पाऊस होऊन गेला आहे, सकाळी ऊन-सावली आहे आणि दुपारपर्यंत जोराची सर येईलसे वाटत नाही, असा दिवस धरा. एका दिवसात दोन गडी मिळून जेवढी कलमे नीट होतील तेवढीच हाती घ्या.

उशीर झाला तर? ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर उजाडला असेल तर त्या वर्षी सोडून द्या. औषध वर चढून परिणाम दाखवायला वेळ लागतो. तोवर पालवी फुटून गेलेली असते आणि औषधाचा भार मात्र जमिनीत शिल्लक राहतो.

टप्पा ६: घालणे

१. आळे साफ करा. बुंध्याभोवतीचे गवत, रान मुळासकट काढा. गवताची मुळे औषध आधी उचलतात. हे काम आदल्या दिवशीच झालेले बरे.

२. वर्तुळ आखा. बुंधा आणि घेराची कड यांच्या बरोबर मध्ये. आपल्या ८ मीटरच्या कलमाची त्रिज्या ४ मीटर, म्हणून बुंध्यापासून २ मीटरवर. सुंभाची दोरी बुंध्याला सैल बांधून टोकाला काठी लावली की गोल आखता येतो.

३. खड्डे पाडा. पहारीने, २५ ते ३०, प्रत्येकी १० ते १२ सेंटिमीटर खोल. दोन खड्ड्यांत साधारण एक हात अंतर येते. पहार तेवढी आत गेली की थांबा. फूटभर खोल मारली तर औषध तंतुमुळांच्या खाली जाते. खाली कातळ लागला तर खड्डा वीतभर सरकवा, पण वर्तुळ सोडू नका.

४. द्रावण करा. बाटली आधी जोराने हलवा. हे औषध दुधासारखे पांढरे असते आणि ठेवून दिले की साका तळाशी बसतो. न हलवता ओतले तर पहिल्या कलमांना नुसते पाणी आणि शेवटच्या कलमांना सगळा गाळ जातो. बाटली उपडी धरून तळ बघा, पांढरा थर चिकटलेला दिसत असेल तर अजून हलवा. मोजलेले २४ मिली आधी एका तांब्यात थोड्या पाण्यात कालवा, मग ६ लिटर पाण्यात मिसळा. एका बादलीत एकाच कलमाचे औषध. दहा कलमांचे पिंपात एकदम करून वाटत सुटू नका.

५. ओता. ६ लिटर आणि ३० खड्डे, म्हणजे दर खड्ड्यात २०० मिली. तेवढ्याच मापाचा एक डबा घ्या आणि दरवेळी काठीने बादली ढवळून भरा. एक फेरी पूर्ण झाल्यावर बादलीत उरले तर तेही सगळ्या खड्ड्यांत थोडे थोडे वाटा, एकात उपडे करू नका.

६. खड्डे बुजवा. पायाने माती सारून हलके दाबा.

७. वहीत लिहा. कलम क्रमांक, तारीख, मात्रा, त्या दिवशीचा पाऊस.

हातमोजे घाला, ओतताना तंबाखू-विडी नको. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी बादलीतच घाला आणि बाटलीला भोक पाडा. बाटल्या, बादल्या विहिरीवर किंवा पऱ्ह्यात (ओढ्यात) धुवू नका.

इशारा: हे औषध जमिनीत लवकर विरत नाही, पुढच्या वर्षापर्यंत त्याचा अंश राहतो. आळ्यात हळद, आले, भाजी लावत असाल तर कल्टार घातलेल्या कलमाखाली ती लावू नका. त्यांचीही वाढ खुंटते.

टप्पा ७: ऑगस्ट ते ऑक्टोबर, हात आवरण्याचा काळ

आता करण्यासारखे कमी आहे आणि बिघडवण्यासारखे बरेच.

सर्वांत मोठी चूक म्हणजे "टॉनिक". पावसाळा सरता सरता बागेला चकाकी यावी म्हणून विक्रेता एक बाटली देतो. लेबल वाचा. त्यात जिबरेलिक आम्ल असेल तर तुम्ही जुलैत जमिनीतून जे बंद केले, तेच आता पानांवरून परत देत आहात. कल्टार घातलेल्या कलमावर जिबरेलिन फवारले की थांबलेली वाढ पुन्हा सुरू होऊ शकते, ही दोन्ही औषधे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. माझ्या मते "कल्टार घातलं तरी पालवी आली" या तक्रारींपैकी काहींचे उत्तर त्या बाटलीत असते.

दुसरी चूक, सप्टेंबरात युरियाचा उरलेला हप्ता देणे. उशिरा दिलेले नत्र पालवीला चाळवते. खत जूनमध्ये संपवायचे ते यासाठी.

तिसरी, ऑक्टोबरच्या उन्हात कलमे मलूल दिसतात म्हणून पाणी सोडणे. मोठ्या कलमांना मोहोर येईपर्यंत पाणी नको. कोरडा ताण मोहोराला मदतच करतो.

पाऊस थांबल्यावर दर आठवड्याला एक फेरी मारा आणि टोकाचे डोळे बघा. थोडी पालवी आलीच तर घाबरू नका. तिची दोन पानांमधली अंतरे मोजा. ती नेहमीपेक्षा स्पष्ट आखूड असतील तर औषध लागू झाले आहे. अंतरे नेहमीसारखी लांब असतील तर औषध मुळांपर्यंत पोचलेले नाही. तरीही त्या वर्षी दुसरा डोस घालू नका. वहीत नोंद करा, कारण शोधा: गवत होते का, सर आली होती का, खड्डे फार खोल होते का.

टप्पा ८: मोहोर आल्यावर

घातल्यापासून साधारण तीन ते चार महिन्यांनी मोहोर दिसू लागतो, न घातलेल्या कलमांपेक्षा आधी. इथे एक गोष्ट विसरली जाते. लवकर आलेला मोहोर लवकरची कीडही सोसतो. बागेतल्या बाकीच्या कलमांचे डोळे अजून मिटलेले असताना याच्यावर तुडतुडे उतरतात, आणि परतीचा पाऊस लांबला तर करपा येतो. पूर्ण बागेचे एकच वेळापत्रक ठेवले तर या कलमांना पहिली फवारणी उशिराच मिळते. म्हणून कल्टारच्या कलमांचे फवारणी वेळापत्रक त्यांच्या मोहोराप्रमाणे वेगळे धरा. औषधे मात्र विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या शिफारशीतलीच.

फळे वाटाण्याएवढी, मग गोटीएवढी, मग अंड्याएवढी होतात. या तीन वेळा दर कलमाला १५० ते २०० लिटर पाणी मिळाले तर गळ कमी होते आणि फळ भरते. पाण्याची सोय असेल तिथे हे चुकवू नका. याच तीन अवस्थांना १ टक्का पोटॅशियम नायट्रेटची फवारणी करतात, म्हणजे दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम.

पुनर्मोहोराबद्दल दोन शब्द, कारण इथे जिबरेलिनची भूमिका उलटी होते. थंडी लांबली की फळे धरलेल्या फांदीलाच पुन्हा मोहोर फुटतो आणि आधीची फळे गळतात. तेव्हा ५० पीपीएम जिबरेलिक आम्लाची, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅमची, फवारणी शिफारशीत आहे. डोळ्याला आता मोहोराकडून परत फिरवायचे असते, म्हणून तेच संप्रेरक उपयोगी पडते. भुकटी पाण्यात सहज विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून घ्या. जे सप्टेंबरात नासवते ते जानेवारीत वाचवते. त्यामुळे ही पुडी घरात असेल तर तिच्यावर महिना लिहून ठेवा.

टप्पा ९: पुढच्या वर्षी पुन्हा घालायचे का

याचे उत्तर वहीत आणि झाडावर आहे, कॅलेंडरवर नाही. मेअखेर काढणी झाली की प्रत्येक कलमाच्या चार बाजूंच्या चार नव्या काड्या बघा.

काड्या नेहमीच्या लांबीच्या, पाने पसरट: पुन्हा घालता येईल, घेर नव्याने मोजून.

काड्या थोड्या आखूड: जमिनीत औषध शिल्लक आहे. या वर्षी मात्रा कमी करा किंवा सोडून द्या.

पानांचे गुच्छ, मोहोर आखूड आणि गच्च, जणू मूठ वळलेली: थांबा. असा मोहोर हवा खेळू देत नाही, भुरी आणि कीड त्यात दडतात, फळेही एकमेकांना दाबत धरतात. या कलमाला पुढची दोन-तीन वर्षे कल्टार बंद, शेणखत आणि नत्र पूर्ण, आणि दाटलेल्या फांद्यांची हलकी विरळणी. जमिनीतले औषध धुऊन काढायचा उपाय नाही.

बाग कराराने देत असाल तर हे सगळे करारात उतरवा. घेणाऱ्याचा संबंध एक-दोन मोसमांच्या फळाशी असतो, तुमचा कलमाशी. लिहून घ्या: कोणत्या क्रमांकाच्या कलमांना घालणार, दर कलमाला किती मिली, घालताना मालकाचा माणूस हजर राहणार आणि खताची पावती दाखवल्याशिवाय कल्टारची बाटली बागेत येणार नाही. त्यासोबत तुमच्या मोजमापाच्या वहीची एक प्रत जोडा आणि दर पानावर दोघांची सही घ्या.